गार वाटणारे थेंब

परभणी, ११ एप्रिल १९७८

तीर्थरूप आईला सुनेत्राचा नमस्कार,

आई, हे पत्र दादा तुला वाचून दाखवत असणार. घरात वाचता येणारा तोच एक. मी नर्सिंग शिकायला परभणीला आले त्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, पण मी तुला लिहिलेला शब्द न् शब्द त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावा लागतो. मला याची मजा वाटते. दादा, हे वाक्यही वाच, गाळू नकोस.

आपली शेजारीण चतुराबाई लेकीच्या बाळंतपणासाठी इथल्या दवाखान्यात आली आहे. तिनं अख्ख्या गल्लीच्या बातम्या आणल्या, त्यात एक तुझीही होती. म्हणाली, "तुजी माय सुईत दोरा ओवती, पर बाजूला बसल्यालं मानूस तिला दिसत न्हाई. परवा दारात आमची शेळी बांधल्याली, तिच्यावरच जाऊन पडली. कंदिलाभवती रंगाचं कडं दिसायलंय म्हनती." मी विचारलं, डोळ्यात काही घालते का? तर म्हणाली, "तुज्या बन्सीदादानं दुकानातलं औषध दिलंय की. दोन उन्हाळे झाले घालायलीय. लय गार वाटतंय म्हनती."

हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात एका पेशंटच्या डोळ्यात घालायची बाटली होती. ती मी खाली ठेवली आणि पुन्हा हात धुऊन आले.

सध्या माझी ड्यूटी डोळ्यांच्या वॉर्डात आहे. इथल्या बाटल्या सगळ्या एकसारख्या दिसतात, म्हणून आमच्या ट्यूटरबाईंनी त्यांच्या गळ्यात दोरे बांधलेत. डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या औषधाला लाल दोरा, बारीक करणाऱ्याला हिरवा. एकाच्या जागी दुसरं गेलं तर डोळ्याचं वाटोळं होऊ शकतं. तिसऱ्या एका बाटलीला काळा दोरा आहे. पहिल्या दिवशी मी विचारलं, बाई, हिला दृष्ट लागते का? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे स्टिरॉइड. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय हिचं झाकण उघडलेलं मला दिसता कामा नये."

आई, दादाच्या दुकानात सगळ्यात जास्त खपते ती निळ्या चिठ्ठीची बाटली या काळ्या दोऱ्याची आहे. लाली, खाज, धुरानं होणारी आग तिनं एका दिवसात जाते. गार वाटतं हे खरंच आहे. पण ती महिनोन्‌महिने घातली तर काही माणसांच्या डोळ्यात आतलं पाणी तुंबायला लागतं. आतला दाब वाढत जातो आणि मागची नस सुकते. दुखत नाही. समोरचं शेवटपर्यंत दिसतं, कडेकडेनं अंधार आत येतो. याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू काढून टाकता येतो, यात गेलेलं परत येत नाही.

तेव्हा तो थेंब आजपासून बंद कर आणि लवकर इथं ये. दादानं आणावं, नाहीतर चतुराबाईच्या जावयासोबत ये. हे सगळं तुझ्या कानावर आलं का ते मला कळायला हवं. ऐकलं असशील तर चतुराबाई घरी जाऊन परत येणार आहे, तिच्या हाती कारळाची चटणी पाठव. चटणी आली की मी समजेन.

तुझी सुनेत्रा


परभणी, ३ मे १९७८

दादा,

पाकिटावर आईचं नाव असलं तरी हे पत्र तुला आहे. मोठ्यानं वाचायची गरज नाही.

चतुराबाई परत आली ती भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मी म्हटलं, चटणी? ती म्हणाली, "चटनीचं काय न्हवतं बाई पत्रात. तू खुशाल हायस, अभ्यास लय हाय, येवढंच वाचलं बन्सीनं." पाठपोट भरलेलं पत्र तू दोन वाक्यांत उरकलंस. शाळेत धडा वाचायला उभं केलं की घाम फुटायचा तुला, आता बरा तयार झालास.

तू मुद्दाम काही केलंस असं मी म्हणत नाही. सेलूला डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधता बांधता तू औषधं शिकलास, बाबांच्या मागं स्वतःच्या हिकमतीवर दुकान उभं केलंस. आपल्या वालूरमध्ये लोक तुला डॉक्टरच म्हणतात. लाल डोळा घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी हसत येतो, मग तू ती बाटली का देणार नाहीस? त्या औषधाची खोड हीच आहे. ते ज्याला आंधळं करतं तोच त्याचे गुण गात फिरतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नाहीतरी माणसांची घाण काढणारी पोरगी तुला काय शिकवणार. पण तू स्वतः एक करून बघ. आईला समोर बसव, अंगणात उजेडात. तिला एका हातानं डावा डोळा झाकायला सांग आणि नजर तुझ्या नाकावर ठेवायला सांग. तू तुझा हात बाजूला लांब धर आणि एक बोट हलवत हलवत हळूहळू मधे आण. बोट दिसलं की "दिसलं" म्हणायला सांग. असं डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून कर. मग दुसरा डोळा. चांगल्या डोळ्याला बाहेरच्या बाजूचं बोट जवळजवळ कानाच्या रेषेत असतानाच दिसतं. तुझ्यावर करून बघ, दिसेल. आईला ते कुठं दिसतं ते तुझं तूच बघ.

मी स्वतःच आले असते. पण हॉस्टेलमधून गावी जायचं तर पालकाची सही लागते, आणि पालक म्हणून तुझं नाव लावलेलं आहे. मी निघाले तेव्हा स्टँडवर तू म्हणाला होतास, "त्या दवाखान्याच्या गेटातून आत गेलीस की तू आम्हाला न्हाईस, आन् मी काय त्या गेटात पाय ठेवायचा न्हाई." तुझी शपथ तुझ्यापाशी ठेव. सही तरी पाठव.

सुनेत्रा


परभणी, १८ जून १९७८

दादा,

सही नाही, उत्तर नाही. बोट हलवून बघितलंस का तेही कळवलं नाहीस. शाळा उघडल्यावर वालूरची दोन पोरं लाल डोळे घेऊन तुझ्याकडे आली आणि निळ्या चिठ्ठीची बाटली घेऊन गेली, एवढं मात्र मला कळलं. माझेही खबरे आहेत.

तुला एका माणसाबद्दल सांगते. येलदरीला धरणात मासे धरणारा लिंबाजी नावाचा एक जण आमच्या वॉर्डात आहे. पाण्यावरच्या उन्हानं डोळे चुरचुरायचे म्हणून कुणीतरी त्याला असलेच थेंब दिले. बरं वाटलं, मग संपली की नवी बाटली असं चाललं. जाळं टाकताना होडीची कड दिसेना तेव्हा घरच्यांनी आणला. डॉक्टरांनी तपासलं आणि नुसतं हातावर थोपटलं. तो रोज मला विचारतो, "बाई, ह्या थेंबानं कवापर्यंत दिसायला लागंल?" त्याच्या डोळ्यात मी घालते ते औषध दुखू नये म्हणून आहे, दिसावं म्हणून नाही. ट्यूटरबाईंनी आम्हाला बजावलंय की पेशंटला खोटी आशा दाखवायची नाही. मी त्याला म्हणते, काका, वर बघा. तो आज्ञाधारकपणे वर बघतो.

दादा, मला रोज त्याच्या जागी आई दिसते. मी इथं परक्यांच्या पापण्या ओढून थेंब घालते आणि माझ्या आईच्या डोळ्यात तू विष घालतोस, आणि मी पत्र लिहीत बसते. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

आता नीट ऐक. तुला पंधरा दिवस देते. तोवर आईला घेऊन आला नाहीस तर पुढच्या वेळी मी बंद पाकीट पाठवणार नाही, पोस्टकार्ड लिहीन. आश्रुबा पोस्टमन कार्ड वाचल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही, आणि त्याचा आवाज तुला ठाऊक आहे. तुझ्या दुकानासमोर त्यानं ते वाचावं असं मला वाटत नाही. पण वाचलं तर मला वाईटही वाटणार नाही.

सुनेत्रा


पोस्टकार्ड, ९ जुलै १९७८

श्रीमती पार्वतीबाई यांस. आई, दादाच्या दुकानातलं निळ्या चिठ्ठीचं डोळ्याचं औषध घालू नकोस. त्यानं तुझी नजर जात आहे. गावात ज्यांनी ते फार दिवस घातलं असेल त्यांनी परभणीच्या दवाखान्यात येऊन डोळ्यांतला दाब मोजून घ्यावा. मी वॉर्डातच आहे, रांगेत उभं राहू देणार नाही. सुनेत्रा.


परभणी, २४ जुलै १९७८

आई,

हे पत्र दादा वाचत असेल, आश्रुबा वाचत असेल, नाहीतर शाळेतले मास्तर. आता कुणीही वाचो.

चतुराबाई काल नातवाला दाखवायला आली होती. कार्डाचं काय झालं ते तिनं हातवारे करून सांगितलं. "आश्रुबानं दुकानाम्होरंच वाचलं. बाजारचा दिस, ही मानसं. बन्सी पांढराफटक पडला. कुनीतरी म्हनलं, काय रं बन्सी, ह्ये खरं हाय का? तवर तुजी माय आतून भितीला हात लावत लावत आली. ओट्यावर बसली, पदर सारखा केला आन् म्हनली, बन्सी, आन ती बाटली. घाल माज्या डोळ्यात. समद्यांम्होरं घाल."

आणि त्यानं थेंब घातले. आणि तू म्हणालीस, गार वाटतंय.

चतुराबाई सांगते की त्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडलं की तू ओट्यावर जाऊन बसतेस. पहिला थेंब तुझ्या डोळ्यात पडतो, मग गिऱ्हाइकी. येणारा-जाणारा विचारतो, "कसं वाटतंय मावशी?" आणि तू म्हणतेस, लय गार. देवीच्या मूर्तीला पाणी घालावं तसा हा रोजचा सोहळा झालाय म्हणे.

आई, मला वाटलं होतं की कार्डानं दादाला लाज वाटेल. तू मधे येऊन बसशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. यायला हवं होतं. लहानपणी त्यानं पाटलाच्या शेतातली काकडी तोडली तेव्हाही तू म्हणाली होतीस की मीच आणायला सांगितली. पण ती काकडी होती.

तू लेकाची इज्जत राखलीस, मला मान्य आहे. पण मी तुझी कोण? तुला आंधळं होताना बघायला मी ही दोन वर्षं बेडपॅन उचलले का? रागावून लिहितेय, माफ कर. मी रडत नाहीये, पावसानं हॉस्टेलचं छत गळतंय, त्यानं शाई पसरली आहे.

चतुराबाईनं आणखी एक सांगितलं त्यानं मला झोप लागली नाही. "डोळं लालभडक झाल्यात. खाज येतीय, पदरानं चोळायलीय. तरी गारच वाटतंय म्हनती." म्हणजे आता ते औषधही लागू पडेनासं झालं. आत काय चाललंय देव जाणे. तुझ्या पाया पडते, उद्यापासून ओट्यावर बसू नकोस. डोळे चोळू नकोस. आणि कसंही करून ये.

सुनेत्रा


परभणी, ५ ऑगस्ट १९७८

आई,

हे पत्र पोस्टात टाकता येणार नाही. एसटी बंद आहे, टपाल बंद आहे, रेल्वेचं कुणी नीट सांगत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यानं स्वतःच्याच घरांना आग लावली. आम्हाला हॉस्टेलमधून वॉर्डात आणि वॉर्डातून हॉस्टेलमध्ये, एवढंच जाऊ देतात.

हॉस्टेलात कुणासोबत जेवते म्हणून दादानं एकदा चतुराबाईकडून विचारवलं होतं. त्याला सांग, पंचफुलासोबत. तिच्या गावची भीमनगरातली घरं जाळली. तिचे आईवडील शेतात लपले म्हणून वाचले, असा निरोप आला. ट्यूटरबाईंनी तिला रजा देऊ केली. ती म्हणाली, रजा घेऊन कुठल्या घरी जाऊ? ती आणि मी दोन दिवस धुरानं आणि रॉकेलच्या भडक्यानं भाजलेले डोळे सलाइननं धूत आहोत. पापणी उलटायची, धार सोडायची, मलम भरायचं, पट्टी. एका आजीनं मला विचारलं, "तू कोन्या गावची?" मी वालूर म्हटलं आणि तिच्या दुसऱ्या डोळ्यावर धार सोडली. काय सांगू, आमच्या गावात काय झालं ते मलाही ठाऊक नाही.

दादा कुठं आहे? या दिवसांत तो घरी आहे ना? दुकान बंद असेल तर तू ओट्यावर बसत नसशील, एवढंच मी चांगलं धरून बसले आहे.

एसटी सुरू झाली की सही असो नसो, मी येणार. काढून टाकलं तर टाकलं. तोवर हे पत्र उशीखाली.


परभणी, ३ सप्टेंबर १९७८

दादा,

एसटी सुरू होऊन मी निघायच्या आतच तू आईला घेऊन आलास आणि गेटाबाहेरच उभा राहिलास. वॉचमननं मला बोलावलं. मी धावत आले तर आई एकटी, भिंतीला हात लावून उभी, काखेत बोचकं. तू रस्त्याच्या पलीकडं पाठमोरा. मी हाक मारली होती. ऐकू आली असेल, नसेल. मी आईला आत घेतलं आणि मागं बघितलं तर तू नव्हतास.

आधी जे कळवायचं ते कळवते. उजव्या डोळ्याची नस सुकली आहे. तो गेला. डाव्यात मधलं तेवढं शिल्लक आहे, नळीतून बघितल्यासारखं. आठ दिवस थेंब आणि गोळ्या चालू आहेत, दाब उतरलाय. तो उतरलेला राहिला तर आहे तेवढी नजर टिकेल. आईला माणसाचं तोंड दिसतं. ज्वारी निवडता येईल. रस्ता एकटीनं ओलांडता येणार नाही.

डॉक्टरांनी तिला विचारलं, निळ्या चिठ्ठीचे थेंब कधी बंद केले? ती म्हणाली, "न्हाई की, निघायच्या दिवशी सकाळीबी घातलं." डॉक्टर बुचकळ्यात पडले. म्हणाले, ते औषध घालणाऱ्याचा डोळा इतका लाल नसतो. ते माझ्या डोक्यातून जाईना. जे मला चतुराबाईच्या एका वाक्यावरून जुलैतच कळायला हवं होतं, ते डॉक्टरांनी बोट ठेवल्यावर कळायला लागलं.

दुपारी तिची वेणी घालताना मी विचारलं, आई, बाटलीत काय होतं? ती हसली.

"पानी."

"कधीपासून?"

"कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिसापासून. कार्ड आलं त्या सांजेला त्यानं मला अंगनात म्होरं बसवलं आन् बोट हलवाय लागला. मी आपली अंदाजानं दिसलं, दिसलं म्हनत गेले. मग म्हनला, माय, आत्ता म्या बोट वरच केलं न्हवतं."

"आणि पाणी कशावरून?"

"डोळं अधू झाल्यात, कान न्हाईत. सकाळी आत जाऊन इंजेक्शनच्या पान्याची काचेची कुपी फोडायचा. टक करून वाजायची. ती बाटलीत वतायचा आन् भाईर यायचा. आन् खरं औषध मला ठाऊक न्हाई व्हय? दोन सालं घातलंय. ह्ये नुसतं वलं लागायचं. कुनी दुसऱ्यानं बाटली मागितली की माल आला न्हाई म्हनायचा."

मी म्हटलं, मग रोज सगळ्यांसमोर गार वाटतंय असं का सांगायचीस? ती म्हणाली, "त्यानं माज्यासाठी तेवढं केलं. मी त्याच्यासाठी येवढं न्हाई करायचं?"

म्हणजे तुम्ही दोघं रोज सकाळी ओट्यावर गावाला नाटक दाखवत होता, आणि एकमेकांनाही. मी इथं उशीखाली पत्र ठेवून तळमळत होते.

दादा, तू विष थांबवलंस. तू विष घालतोस असं मी लिहिलं होतं, तेव्हा हेही माझ्याच हातानं लिहिते. पण पाण्यानं दाब उतरत नाही. बोट न दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी तू कुपी फोडत बसलास, गाडी पकडली नाहीस. तुला गावापुढं मान खाली घालावी लागली असती, म्हणून. मधे एसटी बंद होती हे खरं, पण त्याआधी ती चालू होती. त्या दिवसांत आईच्या नजरेतलं किती गेलं ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तूही विचारू नकोस. आपल्या दोघांना एका घरात जेवायचं आहे.

बोचक्यात फडक्यात बांधलेली कारळाची चटणी निघाली. मी आईला विचारलं, ही तू केलीस? ती म्हणाली, "बन्सीनं करायला लावली. घेतल्याबिगर निघायचं न्हाई म्हनला. का, ते काय सांगितलं न्हाई." तिला का ते कळायचं कारण नव्हतं. एप्रिलातल्या पत्रातलं ते वाक्य तुझ्याशिवाय कुणी वाचलंच नव्हतं. मी आणि पंचफुलानं ती दोन दिवसांत संपवली.

आता तुझं काम ऐक, कारण हे तुलाच करायचं आहे. आईला नवीन थेंब दिलेत, दिवसातून चार वेळा, जन्मभर. बाटलीच्या गळ्यात मी हिरवा दोरा बांधला आहे. हात साबणानं धुवायचे. दर वेळी चिठ्ठी वाचायची, सवयीनं उचलायचं नाही. तिला वर बघायला सांगायचं, खालची पापणी बोटानं ओढून खळगा करायचा आणि थेंब त्या खळग्यात सोडायचा, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक कशाला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटवून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाहुली मोहरीएवढी बारीक होईल, भुवई ठणकेल, दिवेलागणीला तिला आणखी अंधारलेलं वाटेल. घाबरून बंद करायचं नाही. ती म्हणेल, बन्सी, यानं गार वाटत न्हाई रं, चरचरतंय. तरी बंद करायचं नाही.

आणि हे ओट्यावर करायचं, दुकान उघडल्यावर, पूर्वीसारखंच सगळ्यांसमोर. कुणी विचारलं की ही वेगळी बाटली कसली, तर सांगायचं. आधीच्या बाटलीनं काय केलं तेही सांगायचं. ज्यांनी ती नेली त्यांची नावं तुला पाठ असतील. त्यांना घेऊन ये. मी आता कार्ड लिहिणार नाही. हे तुझ्या तोंडून जायला हवं.

पुढच्या सोमवारी आईला सोडणार आहेत. घ्यायला ये. गेटाबाहेर उभा राहू नकोस, कारण तुझेही डोळे तपासायचे आहेत. डोळ्यातला हा दाब चढायची खोड पिढीजात असते, आईला चढला तर तुला-मलाही चढू शकतो. माझे तपासले, ठीक आहेत. शपथ मोडायला कारण हवं असेल तर हे घे.

हे पत्र मोठ्यानं वाचायचं नाही. ऐकणारी इथं माझ्या शेजारी खाटेवर बसली आहे, आणि मी लिहिते ते एकेक वाक्य तिला वाचून दाखवते आहे. काहीही न गाळता. पाण्याचं मी तुला कळवलं म्हणून आधी रागावली. आता म्हणते, शेवटी माझं एक टाक. ते खरं नाही हे तिनंच मला सांगितलं आहे, पण ती सांगते तसं लिहिते.

"बन्सीला लिही, पानीबी गारच वाटायचं."

सुनेत्रा